नव्याने लावलेल्या सदाहरित झाडांची वाढ वेगाने व्हावी म्हणून

नवे सदाहरित झाड लावून वर्ष उलटले तरी ते तसूभरही वाढले नाही, ही तक्रार बहुधा खरी असते आणि बहुधा अकारणही असते. झाड त्या काळात वाढतच असते, पण जमिनीखाली. रोपवाटिकेच्या जमिनीतून मातीच्या हुंडीसह, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गड्ड्यासह, काढलेल्या मोठ्या झाडाची बहुतांश मुळे, कित्येकदा ९० टक्क्यांपर्यंत, मागेच तुटून राहतात. कुंडीत किंवा पिशवीत वाढवलेल्या झाडाची मुळे शाबूत असली, तरी ती सगळी त्या कुंडीएवढ्या जागेत कोंडलेली असतात. पानझडी झाड निष्पर्ण अवस्थेत हलवता येते आणि नवी मुळे फुटेपर्यंत त्याची पाण्याची गरज नाममात्र असते. सदाहरित झाडाला ही सवलत नाही. त्याची पाने किंवा सुया बाराही महिने बाष्प सोडत राहतात आणि तेवढे पाणी पुरवायला मुळे मात्र अपुरी असतात. म्हणून पहिल्या एक-दोन वर्षांत असे झाड आपले बहुतेक अन्न मुळांच्या वाढीवर खर्च करते, आणि मुळे आजूबाजूच्या जमिनीत पुरेशी पसरल्यानंतरच शेंडा झपाट्याने वर सरकू लागतो.

पुढील सर्व सूचनांचा रोख त्यामुळे एकाच गोष्टीवर आहे : मुळे हुंडीबाहेर पडून भोवतालच्या मातीत लवकरात लवकर कशी शिरतील. शेंड्याला चुचकारणारे जे उपाय सुचवले जातात, त्यांतले बहुतेक निरुपयोगी असतात आणि काही तर वाढ मागे खेचतात.

१. कोणत्या झाडाकडून किती अपेक्षा ठेवावी

वाढीचा वेग सर्वप्रथम जातीवर ठरतो, आणि कितीही काळजी घेतली तरी संथ जातीचे झाड वेगवान होत नाही. अनुकूल जागी मुळे धरलेला नॉर्वे स्प्रूस वर्षाला साधारण ३० ते ६० सेंटिमीटर वाढतो, लेलँड सायप्रस ९० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो, तर यू हे झाड ३० सेंटिमीटरच्या पुढे क्वचितच जाते. आपल्या झाडाची जात नेमकी कोणती हे रोपवाटिकेतून विचारून घेतले नसेल, तर पुढच्या सगळ्या मोजमापाला आधारच उरत नाही.

जातीइतकीच महत्त्वाची आहे वाढीची पद्धत. पाइन, स्प्रूस आणि फर या सूचिपर्णी झाडांत पुढील वर्षी किती लांब फूट निघणार, याचा बराचसा निर्णय आदल्या हंगामातच झालेला असतो. कारण त्या फुटव्याचे सर्व भाग आधीच्या उन्हाळ्यात तयार झालेल्या डोळ्यात सूक्ष्म रूपात घडी घालून बसलेले असतात. म्हणजे यंदा दिलेल्या पाण्याचे फळ यंदा दिसत नाही, ते पुढच्या वर्षी दिसते. आणि लागवडीच्या वर्षी झाडाला बसलेला ताणही त्याच हिशेबाने पुढच्या वर्षीच्या आखूड फुटव्यात उमटतो. मोरपंखी, सायप्रस आणि जुनिपर यांची रीत निराळी आहे : हवामान अनुकूल असेपर्यंत त्यांची वाढ सलग चालू राहते, त्यामुळे चांगल्या देखभालीला ती त्याच हंगामात प्रतिसाद देतात. आंबा, फणस, बकुळ यांसारखी रुंदपर्णी सदाहरित झाडे टप्प्याटप्प्याने पालवी काढतात आणि दोन पालव्यांच्या मध्ये ती थांबल्यासारखी वाटतात. हा थांबा आजाराचे लक्षण नव्हे.

झाड किती मोठे आणावे, याबाबत बहुतेकांचा कल मोठ्या झाडाकडे असतो, आणि घाई असेल तर नेमका तोच कल चुकीचा ठरतो. थंड प्रदेशात झाड पूर्ण मूळ धरायला खोडाच्या व्यासाच्या प्रत्येक २.५ सेंटिमीटरमागे साधारण एक वर्ष लागते. उष्ण प्रदेशात, जिथे मुळे वर्षाचा बराच काळ वाढत राहतात, तिथे हाच हिशेब काही महिन्यांवर येतो. याचा अर्थ असा की १० सेंटिमीटर जाडीचे झाड जेव्हा चार वर्षे सावरत बसलेले असते, तेव्हा २.५ सेंटिमीटरचे झाड दुसऱ्या वर्षापासूनच धावू लागलेले असते, आणि काही वर्षांत दोघांच्या उंचीतील फरक पुष्कळ कमी होतो.

२. जागा आणि हंगाम

पाइन, स्प्रूस, सायप्रस यांना दिवसाला किमान सहा तास थेट ऊन लागते. सावलीत ही झाडे जगतात, परंतु विरळ होतात. क्वचित उंच जातात, पण ती उंची किडकिडीत असते. यू आणि अनेक रुंदपर्णी जाती सावली बऱ्यापैकी सोसतात.

निचऱ्याची परीक्षा लागवडीआधी घ्यावी. सुमारे ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, ते पाणी जिरू द्यावे, आणि मग पुन्हा भरून पाण्याची पातळी तासाला किती उतरते ते पाहावे. पातळी तासाभरात २.५ सेंटिमीटर किंवा अधिक उतरत असेल तर बहुतेक झाडांना ती जागा चालते. त्याहून संथ असेल, तर मुळांना हवा मिळणार नाही असे समजावे आणि झाड खड्ड्यात न लावता रुंद, उतरत्या बाजूंच्या उंचवट्यावर लावावे किंवा ओल सोसणारी जात निवडावी. पाणी साचणाऱ्या जमिनीत अनेक सूचिपर्णी झाडे मूळकुजीने दगावतात, आणि त्यानंतर कोणतेही औषध फारसे उपयोगी पडत नाही.

हंगाम निवडताना हवेपेक्षा मातीच्या तापमानाचा विचार करावा, कारण मुळे उबदार आणि ओलसर मातीत वाढतात आणि माती थंड होत गेली की मंदावतात. जिथे कडक हिवाळा असतो तिथे वसंताच्या आरंभी, डोळे फुटण्यापूर्वी लावावे, किंवा शरदाच्या सुरुवातीला; पण जमीन गोठण्याआधी मुळांना काही आठवडे मिळतील इतक्या लवकर. जिथे पावसाळा ठरलेला असतो तिथे पावसाच्या सुरुवातीची लागवड उत्तम, कारण पुढचे काही महिने हवेत दमटपणा असतो आणि पानांतून जाणारे पाणी आपोआप कमी होते. भर उन्हाळ्यातील लागवड कुंडीतल्या झाडांच्या बाबतीत शक्य आहे, मात्र मग पाण्याची जबाबदारी रोजची होते.

३. हुंडी उघडून पाहणे

नवशिक्यांकडून हीच पायरी सर्वांत अधिक वेळा गाळली जाते, आणि माझ्या मते वाढ खुंटण्याची निम्मी कारणे इथेच दडलेली असतात.

आधी खोडाच्या बुंध्याशी बोटांनी माती उकरावी. खोड जमिनीत शिरते तिथे ते किंचित पसरट होते आणि तिथून पहिली जाड मुळे आडवी निघतात. या भागाला आपण मूळमान म्हणू. रोपवाटिकेत रोप एका कुंडीतून दुसरीत बदलताना वर माती पडत जाते, त्यामुळे मूळमान कित्येकदा हुंडीच्या माथ्यापासून ५ ते १० सेंटिमीटर खाली गाडलेली सापडते. खोड मातीत विजेच्या खांबासारखे सरळ घुसलेले दिसत असेल, तर मूळमान खालीच आहे असे समजावे आणि ती दिसेपर्यंत वरची माती काढून टाकावी. या जादा मातीत फुटलेली केसासारखी बारीक मुळे कापली गेली तरी चिंता नाही.

त्यानंतर कुंडी किंवा पिशवी पूर्ण काढून हुंडीची बाजू पाहावी. मुळे कुंडीच्या भिंतीला लागून गोल फिरलेली असतील, तर बाहेर लावल्यावरही ती त्याच वर्तुळात जाड होत जातात आणि काही वर्षांनी एकमेकांना व खोडालाही आवळतात. धारदार करवतीने किंवा सुऱ्याने हुंडीचा २ ते ३ सेंटिमीटर जाडीचा बाहेरचा थर चारही बाजूंनी आणि तळाकडूनही सोलून काढावा. हे पाहताना जीव खालीवर होतो खरा, परंतु कापलेल्या टोकांतून नवी मुळे बाहेरच्या दिशेने फुटतात आणि थेट जमिनीत शिरतात. खोडाभोवती आधीच वेढा घातलेले जाड मूळ असेल, तर तेही कापून काढावे. आंब्याच्या कलमासारख्या, हुंडी फुटलेली न सोसणाऱ्या रोपांच्या बाबतीत मात्र हा सोलण्याचा प्रयोग करू नये. तिथे तळाशी गुंडाळलेली मुळे तेवढी छाटावीत आणि हुंडी अखंड ठेवावी.

गोणपाटात बांधून आलेल्या झाडाची सुतळी, दोऱ्या आणि खोडाभोवतालचे कापड हुंडी खड्ड्यात बसवल्यावर काढून टाकावे. तारेची जाळी असेल तर निदान तिचा वरचा भाग कापून काढावा. नायलॉनची दोरी कुजत नाही, आणि खोड जाड होताच ती सालीत रुतून झाडाचा गळा आवळते.

उघड्या मुळांच्या लहान रोपांसाठी एकच नियम पुरे आहे : रोपवाटिकेतून निघाल्यापासून मातीत जाईपर्यंत मुळे क्षणभरही सुकू देऊ नयेत, आणि लावताना ती खड्ड्यात वाकवून कोंबू नयेत.

४. खड्डा

खड्डा हुंडीच्या दुप्पट ते तिप्पट रुंद असावा, पण हुंडीच्या उंचीपेक्षा खोल असू नये. बहुतेक झाडांची शोषक मुळे जमिनीच्या वरच्या ३० ते ४५ सेंटिमीटरमध्येच आडवी पसरतात, म्हणून मोकळी केलेली रुंदी त्यांच्या कामी येते आणि खोली येत नाही. उलट, तळाची माती उकरून पुन्हा भरली तर ती पुढे दबते आणि झाड खाली बसते. मूळमान भोवतालच्या जमिनीच्या पातळीला किंवा २ ते ५ सेंटिमीटर वर राहील अशा बेताने झाड बसवावे. चिकणमातीत ते आणखी थोडे वर ठेवले तरी चालते.

चिकणमाती ओली असताना फावड्याने खणली की खड्ड्याच्या भिंती घासून गुळगुळीत होतात आणि मुळांना त्या भेदता येत नाहीत. म्हणून जमीन वाफशावर, म्हणजे चिकट ओलीही नाही आणि कोरडीही नाही अशी, असतानाच खणावे आणि भरण्याआधी भिंती खरवडून खडबडीत कराव्यात.

भरताना तीच माती वापरावी. खड्ड्यात शेणखत, कंपोस्ट आणि वाळू यांचे सढळ मिश्रण भरण्याची रीत सर्वत्र रूढ आहे, परंतु जमिनीत लावलेल्या झाडांच्या बाबतीत तिचा फायदा सहसा दिसत नाही. भोवतालची जमीन कठीण आणि खड्ड्यातली माती भुसभुशीत असेल, तर पाणी खड्ड्यात साचते आणि मुळे त्या मऊ मातीतच घुटमळत राहतात. झाड जणू मोठ्या कुंडीतच लावल्यासारखे होते. कंपोस्ट द्यायचेच असेल तर ते वरून पसरावे. अख्खा वाफा किंवा संपूर्ण रांग नांगरून त्यात सेंद्रिय खत मिसळता येत असेल, तर ती गोष्ट निराळी. तिचा फायदा निश्चित होतो, कारण मग मऊ आणि कठीण अशी सीमाच उरत नाही.

माती भरताना पायाने तुडवू नये. अर्धा खड्डा भरल्यावर पाणी सोडून माती बसू द्यावी आणि मग उरलेली भरावी.

५. पाणी

पहिल्या वर्षी वाढ ठरवणारा सर्वांत मोठा घटक पाणी हाच आहे, आणि इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात.

पहिली गोष्ट अशी की सुरुवातीचे अनेक आठवडे झाड फक्त हुंडीतल्या मातीतूनच पाणी घेते. कुंडीतली माती बहुतेकदा हलकी व काथ्या किंवा सालपटाची असते आणि ती भोवतालच्या जमिनीपेक्षा कितीतरी लवकर कोरडी पडते. त्यामुळे बाजूची जमीन ओली आणि हुंडी मात्र ठणठणीत कोरडी, अशी विचित्र स्थिती येते आणि झाड ओल्या जमिनीच्या मधोमध तहानलेले राहते. म्हणून सुरुवातीला पाणी खोडालगत, थेट हुंडीवर हळूहळू सोडावे, आणि मुळे जसजशी बाहेर पडतील तसतशी पाण्याची जागाही बाहेर सरकवावी. दुसऱ्या वर्षापासून फांद्यांच्या घेराखाली आणि थोडे त्याच्याही पलीकडे पाणी मिळायला हवे. पहिल्या दिवशी केलेले छोटे आळे तीन वर्षे तसेच ठेवणे म्हणजे मुळांना आतच राहण्याचे आमंत्रण आहे.

प्रमाणासाठी हा ढोबळ हिशेब धरावा : एका वेळी खोडाच्या व्यासाच्या प्रत्येक २.५ सेंटिमीटरमागे ४ ते ६ लिटर पाणी. पहिले दोन आठवडे रोज, पुढे साधारण तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी, आणि नंतर मूळ धरेपर्यंत आठवड्यातून एकदा. हा आकडा पाऊस, ऊन आणि मातीप्रमाणे बदलतो. वाळूमिश्रित जमिनीत पाळ्या जवळ आणाव्या लागतात. चिकणमातीत त्या लांबवाव्या लागतात. खरा निवाडा बोटांनीच करावा. हुंडीत आणि हुंडीबाहेर, दोन्ही ठिकाणी ५ ते १० सेंटिमीटर खोल माती चिमटीत घेऊन पाहावी. ती ओलसर, थंड लागली आणि बोटांत दाबून पाणी सुटत नसेल, तर त्या दिवशी पाणी देऊ नये.

हे तपासणे आवश्यक असण्याचे कारण असे की पाणी कमी पडल्याची आणि जास्त झाल्याची लक्षणे वरून सारखीच दिसतात : पाने पिवळी पडतात, शेंडे मान टाकतात, सुया गळतात. दोन्ही बाबतीत मुळे पाणी उचलत नसतात; एकीकडे पाणी नसते म्हणून, दुसरीकडे हवेअभावी मुळे गुदमरलेली असतात म्हणून. अशा वेळी अंदाजाने आणखी पाणी ओतले की गुदमरलेले झाड पूर्ण बुडते. सूचिपर्णी झाडांत आणखी एक अडचण आहे. त्यांच्या ताठ सुया कोमेजल्यासारख्या दिसत नाहीत आणि ताण पडल्यानंतर कित्येक आठवड्यांनी त्या तपकिरी होऊ लागतात. तोपर्यंत ज्या आठवड्यात पाणी चुकले तो आठवडा विस्मरणात गेलेला असतो. या झाडांना तहान लागलेली दिसण्याची वाट पाहू नये.

रोज शिंपडलेले थोडेसे पाणी मातीचा वरचा पापुद्राच भिजवते. ठिबक संच असेल तर एका खोडालगत एकच तोटी न ठेवता दोन-तीन तोट्या चहूबाजूंनी ठेवाव्यात आणि दरवर्षी त्या बाहेर सरकवाव्यात.

६. गवत काढणे आणि आच्छादन घालणे

एकच उपाय करायचा असेल तर कोणता, असे विचारल्यास मी खतापेक्षा आणि पाण्याच्या नव्या साधनांपेक्षाही बुंध्याभोवतालचे गवत काढण्याला वरचे स्थान देईन. हिरवळीची दाट तंतुमय मुळे नेमक्या त्याच वरच्या थरात असतात जिथे नव्या झाडाची मुळे शिरू पाहत असतात, आणि पाणी व नत्र (नायट्रोजन) या दोन्हींवर गवत आधी हात मारते. गवतात लावलेले आणि गवतमुक्त वर्तुळात लावलेले, एकाच जातीचे व वयाचे झाड शेजारी शेजारी ठेवले तर काही हंगामांतच फरक लांबून ओळखता येतो. वर्तुळाचा व्यास किमान एक मीटर असावा. जागा असेल तर तो दरवर्षी वाढवत न्यावा. गवत कुदळीने खोल खणून काढू नये, कारण त्यात झाडाची मुळेही तुटतात. ते वरवर खुरपावे किंवा पुठ्ठा अंथरून त्यावर आच्छादन घालून दडपावे. तणनाशक वापरताना ते खोडाला आणि पानांना लागू देऊ नये, आणि हिरवळीसाठी विकली जाणारी खत-तणनाशकाची एकत्र मिश्रणे झाडाच्या मुळांवर पसरू नयेत.

मोकळ्या केलेल्या वर्तुळात लाकडाचे तुकडे, सालपट, वाळलेला पाला किंवा पाइनच्या सुया यांचा ५ ते १० सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा. त्याने ओल टिकते, उन्हात मातीचे तापमान आटोक्यात राहते आणि गवत कापण्याचे यंत्र खोडापासून दूर राहते. हा शेवटचा फायदा वाटतो त्याहून मोठा आहे, कारण यंत्राच्या दोरीने साल सोलवटली की पानांत तयार झालेले अन्न खाली मुळांपर्यंत पोहोचण्याची वाटच तुटते. लाकडाचे तुकडे जमिनीतले नत्र खातात, असे सांगितले जाते. ते मातीत मिसळले तरच हे खरे ठरते. वर पसरलेल्या थराचा परिणाम फक्त पृष्ठभागापुरता असतो. पाइनच्या सुयांनी जमीन आम्लधर्मी होते ही भीतीही अशीच निराधार आहे.

खोडाभोवती ८ ते १० सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी. आच्छादनाचा शंकूसारखा ढीग खोडाला टेकवून ठेवला तर साल सतत ओली राहून कुजते, उंदीर-घुशींना आडोसा मिळतो आणि त्या ढिगात फुटलेली मुळे पुढे खोडालाच वेढतात. प्लॅस्टिकचा कागद मुळीच अंथरू नये. पाणी आणि हवा दोन्ही अडतात.

७. खत

लागवडीच्या वेळी खत देऊ नये. मुळे अपुरी असताना नत्र दिले तर पालवी वाढण्याची शक्यता असते, आणि ती पालवी पोसण्याइतके पाणी झाडाकडे नसते. शिवाय विद्राव्य खताचे क्षार तुटलेल्या कोवळ्या मुळांना जाळतात. पहिला पूर्ण हंगाम असाच जाऊ द्यावा.

दुसऱ्या वर्षी, झाडाने जीव धरल्याची खूण दिसल्यावर, मातीची तपासणी करून मगच ठरवावे. नत्राची गरज भासल्यास दर चौरस मीटरला वर्षाकाठी ५ ते १० ग्रॅम शुद्ध नत्र पुरेसे असते. म्हणजे ज्या खताच्या पिशवीवर नत्र १० टक्के असे लिहिलेले असेल, त्याचे ५० ते १०० ग्रॅम. ते संथ विरघळणारे असावे, फांद्यांच्या घेराखाली आणि थोडे बाहेर सारखे पसरावे व पाणी द्यावे. वाढीचा हंगाम सुरू होताना दिलेले खत उपयोगी पडते. थंड प्रदेशात हंगाम सरताना दिलेल्या नत्राने निघणारी उशिराची कोवळी फूट थंडीत करपते. स्फुरद (फॉस्फरस) केवळ मुळे वाढतात म्हणून टाकू नये. जमिनीत ते आधीच पुरेसे असेल तर जादा मात्रेने मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरश्यांचा जम बसत नाही.

या बुरश्यांचे महत्त्व पाइनच्या बाबतीत फार मोठे आहे. पुएर्तो रिको बेटावर पाइन मुळात नव्हते आणि तिथे आणलेली पाइनची रोपे पिवळी पडून खुरटत असत. १९५० च्या दशकात त्यांच्या मुळांशी योग्य बुरशी असलेली माती मिसळल्यानंतरच ती जोमाने वाढू लागली. तथापि, याचा अर्थ प्रत्येकाने बुरशीची पुडी विकत घ्यावी असा नाही. जिथे त्या गटातली झाडे आधीपासून आहेत तिथल्या मातीत या बुरश्या बहुधा असतातच, आणि विकतच्या भुकट्यांचे परिणाम फार अनिश्चित असतात. जीवनसत्त्व ब१ चे द्रावण आणि सरसकट दिलेले मॅग्नेशियम सल्फेट यांबाबतही भरवशाचा फायदा दिसून आलेला नाही. मॅग्नेशियमची उणीव तपासणीत आढळली तरच ते द्यावे.

नव्या सुया किंवा पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसत असतील, तर मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा) पाहावा. अनेक सूचिपर्णी झाडांना ५.५ ते ६.५ च्या आसपासचा सामू मानवतो. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही ते मुळांना उचलता येत नाही, आणि तिथे नत्र वाढवून काहीही साधत नाही.

८. छाटणी आणि आधार

मुळे तुटली म्हणून शेंडाही तितकाच छाटून तोल साधावा, हा जुना सल्ला पाळू नये. नवी मुळे फुटण्यासाठी लागणारे अन्न आणि संप्रेरके पाने व शेंड्याचे डोळेच पुरवतात. मोडलेल्या, वाळलेल्या फांद्या तेवढ्या काढाव्यात. दोन शेंडे स्पर्धा करत असतील तर दुबळा शेंडा लहानपणीच कापावा. उंची हवी असेल तर वसंतात पाइनवर मेणबत्त्यांसारखे उभे राहणारे कोवळे कोंब खुडू नयेत, कारण खुडल्याने झाड दाट होते आणि उंचीला खीळ बसते. पाइन, स्प्रूस, सायप्रस यांची फांदी सुया नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापली तर तिथून ती सहसा पुन्हा फुटत नाही. यू याला अपवाद आहे. मुख्य शेंडा मोडला असेल, तर सर्वांत वरच्या वलयातली एक जोमदार फांदी काठीच्या आधाराने उभी बांधावी. एक-दोन वर्षांत ती शेंड्याची जागा घेते.

आधाराची काठी हुंडी हलत असेल तरच द्यावी. घट्ट बांधलेले झाड उंचीने थोडे पुढे गेलेले दिसते, परंतु त्याचे खोड बारीक राहते, कारण वाऱ्याने डोलल्यानेच खोड जाड होते व मुळे घट्ट होतात. म्हणून रुंद, मऊ पट्टीने उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात सैल बांधावे आणि एका हंगामानंतर सोडावे.

९. पहिला हिवाळा किंवा पहिला कडक उन्हाळा

जमीन गोठली की मुळे पाणी उचलू शकत नाहीत, पण ऊन आणि वारा सुयांतले पाणी नेतच राहतात. म्हणून गोठण्यापूर्वी जमीन खोलवर भिजवावी आणि वाऱ्याच्या बाजूला खांबांवर गोणपाट ताणून आडोसा करावा. तो झाडाला गुंडाळू नये. उष्ण प्रदेशात हेच काम पहिल्या उन्हाळ्यात दुपारच्या उन्हाच्या बाजूने लावलेली सावलीची जाळी करते.

१०. वाढ मोजणे आणि अडलेले झाड तपासणे

पाइन आणि स्प्रूसमध्ये सहसा दरवर्षी शेंड्याशी फांद्यांचे एक वलय तयार होते, त्यामुळे दोन वलयांमधले अंतर म्हणजे त्या वर्षाची वाढ. पट्टीने शेंड्यापासून खाली मोजत गेले की मागच्या चार-पाच वर्षांचा इतिहास खोडावरच वाचता येतो : रोपवाटिकेतली लांब कांडी, लागवडीनंतरची आखूड, त्यानंतरची कदाचित आणखी आखूड, आणि मग पुन्हा लांबत जाणाऱ्या कांड्या. दुसऱ्या वर्षीची कांडी पहिल्यापेक्षा आखूड असली तरी घाबरू नये, कारण तिचा डोळा लागवडीच्या वर्षातल्या ताणात घडलेला असतो. आतल्या जुन्या सुया वर्षातून एकदा पिवळ्या पडून गळणेही नैसर्गिक आहे. फांद्यांच्या टोकाच्या सुया तपकिरी होत असतील तर मात्र लक्ष घालावे.

कोरड्या, उष्ण दिवसांत सुया निस्तेज आणि ठिपकेदार दिसू लागल्या, तर फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकावी. कागदावर पडलेले मिरीच्या भुकटीएवढे ठिपके सरकू लागले, तर तो कोळी नावाच्या सूक्ष्म किडीचा उपद्रव आहे. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने काही दिवसांच्या अंतराने मारल्यास त्यांची संख्या बरीच घटते.

तिसऱ्या वर्षीही कांडी लांबत नसेल, तर खत देण्यापूर्वी दोन ठिकाणी उकरून पाहावे. पहिले ठिकाण बुंध्याचे : मूळमान गाडली गेली असेल तर तिच्यावरची माती आणि आच्छादन दूर करावे, झाड अजून हलवण्याजोगे लहान असेल तर योग्य हंगामात ते उचलून योग्य उंचीवर पुन्हा लावणे श्रेयस्कर. दुसरे ठिकाण हुंडीच्या मूळ कडेबाहेरचे : तिथे एक वीतभर अंतरावर हाताने माती सैल करून पाहावी. पांढऱ्या किंवा फिकट टोकांची नवी मुळे सापडली, तर झाड मार्गी लागले आहे आणि त्याला पाणी व मोकळी जमीन याव्यतिरिक्त काही नको. मुळे सापडलीच नाहीत आणि हुंडी हलवताच मातीत कुंडीच्या आकारात सुटी हलली, तर हंगाम पाहून झाड वर काढावे, गोल फिरलेली मुळे कापावीत, खड्डा रुंद करावा आणि तिसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी.